आत्याची लाळ

माझी धाकटी बहीण गाथोनी हिला एकतिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा नैरोबीच्या डॉक्टर अचिएंग यांनी तिच्या रक्तातला सगळा जनुकीय मजकूर वाचून घेतला. एका जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. मग माझं रक्त घेतलं. माझ्यातही तेच.

"म्हणजे मलाही होणार?"

"कॉम्प्युटरला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्याकडे माहिती लाखो माणसांची आहे, पण त्यात आपल्याकडची मूठभर. हा बदल त्याने कधी पाहिलेलाच नाही. घरात कुणी म्हातारं, धडधाकट माणूस आहे?"

होतं. वांजुगू आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, न्येरीजवळ अजून स्वतः चहाची पानं खुडते. मला माझ्या आजीचं, म्हणजे तिच्या आईचं नाव ठेवलंय, म्हणून ती मला आईच म्हणते.

तिची लाळ तपासायला डॉक्टरांनी एक नळी दिली. ती हातात घेऊन आत्याने आधी आमच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या छातीवर थुंकून मला आणि माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला, न्याकिओला, आशीर्वाद दिला. मग तिचं तोंडच कोरडं पडलं.

"आत्या, सगळी आशीर्वादातच संपवलीस!"

"गप गं आई. तुझ्या मशीनपेक्षा लेकराला जास्त गरज आहे."

नळी भरायला तास लागला.

सहा आठवड्यांनी कळलं, आत्यातही तेच अक्षर आहे. मला सुटकेचं रडू फुटलं. एवढं वय झालं तरी काही नाही, म्हणजे निरुपद्रवीच की!

"पारडं जरा झुकलं, एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "एका माणसावरून ठरत नाही."

आत्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मी आजारी आहे की धडधाकट?"

"धडधाकट."

"मग त्या मशीनलाच सांग ना!"

गाथोनीला मात्र हसू आलं नाही. केमोने केस गेलेल्या डोक्यावरून तिने हात फिरवला.

"माझ्यातही तेच आहे ना, ताई? मग तू आत्यासारखी, की माझ्यासारखी?"



दरवर्षी स्तनांचा एमआरआय करून घेण्याच्या कागदावर मी सही केली. पहिल्या तपासणीला नर्स म्हणाली, "बाळाला आधी पाजून घ्या. दूध भरलेलं असलं की चित्र धूसर येतं."

न्याकिओ माझं बोट धरून पीत होती. तिच्यातही ते अक्षर असेल का, हे डॉक्टरांना विचारावं की विचारूच नये, मला कळेना.