दुसरा हिरवा दिवा

माइक जोडण्यात काय एवढं अवघड? शिवकन्या मुरूडच्या दुकानात साड्यांचे व्हिडिओ करायची, तेव्हा डोळे झाकून जोडायची. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत रिसीव्हर खुपसायचा, डबीतून माइक काढायचा, दिवा हिरवा झाला की बोला. माइक दोन, म्हणून रिसीव्हरवर दिवेही दोन. माइकवर एक बटण. ते दाबलं की आवाज आणि दिवा बंद, पुन्हा दाबलं की दोन्ही सुरू. त्या एवढ्याशा बटणानं घात केला.

तिचे वडील विरूपाक्षप्पा आठ वर्षं धाकट्या राजशेखरशी बोलले नव्हते. पोरानं न विचारता नांदेडला लग्न केलं, एवढंच कारण. हट्टी माणूस! समोरच्यानं घसा कोरडा केला तरी आप्पा नुसतं "हूं" करायचे. पण एकदा हूं केलं की माफी मिळाली, विषय मिटला. राजशेखरला ते हूं काही मिळालं नाही.

मंगळवारी दुपारी मात्र आप्पाच म्हणाले, "राजूला निरोप धाडायचाय. तुझं ते यंत्र लाव. आन् तू भायेर जा, हे बापलेकाचं हाय."

आप्पांच्या अंगात सदरा नव्हता, म्हणून तिनं माइक त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पिशवीला अडकवला. समोर फोनवर व्हिडिओ सुरू केला आणि बाहेर येऊन तांदूळ निवडत बसली. परत आत गेली तर आप्पांची मान छातीवर पडलेली.

मग कसला माइक अन् कसलं काय! अंघोळ घातली, भस्म लावलं, घरामागच्या शेतात आप्पांना बसतं पुरलं. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग त्याच्यासोबतच जातं, त्या पिशवीला कुणी हात लावला नाही. माइकही मातीत गेला. दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ लावला. आप्पांचे ओठ हलत होते, ते डोळे पुसत होते, आवाज मात्र नाही. माइक पिशवीला अडकवताना तिच्याच हातून बटण दाबलं गेलं होतं. दिवा बघायचं तिला सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं झालं तिला.

तिसऱ्या दिवशी राजशेखर आला. व्हिडिओ बघून म्हणाला, "आवाज तू पुसलास, अक्का. मी परत यावं असं तुला वाटतच नव्हतं."

ज्याच्यासाठी ती आठ वर्षं बापाशी भांडली, तोच असं बोलत होता. तिचा जीव जळाला.

"चल शेतात. दूध ठेवायचंच हाय. तिथं दाखवते बटण कसं चालतं ते."

समाधीपाशी तिनं फोनला रिसीव्हर जोडला, डबीतून उरलेला माइक काढला. "हा बघ ह्याचा दिवा. आप्पांचा लागणार न्हाई, त्याची बॅटरी पाच तासांची."

दोन्ही दिवे हिरवे झाले.

तिनं हातातला माइक डबीत टाकला. एक दिवा विझला. दुसरा तसाच. तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. राजशेखर मातीवर डोकं टेकून बसला होता. "आप्पा, न विचारता गेलो. चुकलं माझं. माफ करा."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. त्याचेच शब्द आले, पण खालून ऐकल्यासारखे, गोधडीतून यावेत तसे दबलेले. मग थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी माइकजवळ, "हूं."

राजशेखर लहान पोरासारखा रडला. तिचे पाय धरले, "माफ कर गं अक्का" म्हणाला. तिनं त्याला पोटाशी घेतलं. भाऊ परत मिळाला होता. पण तिची नजर त्या दिव्यावरून हलेना. बंद झालेलं बटण पुन्हा दाबल्याशिवाय आवाज सुरू होत नाही, आणि तिथं खाली आप्पा एकटेच होते.

आता दुकानात ती माइकशिवाय, घसा ताणून व्हिडिओ करते. रिसीव्हर कपाटात आहे. जोडला आणि दिवा लागला तर, याची तिला भीती वाटते. नाहीच लागला तर, याची जास्त.