ठाण्याला गेलेलं सांत्वन

चौथ्या दिवशी दुपारी लेआबाईंना कळलं, की त्यांच्या नवऱ्याच्या नावानं सांत्वन ठाण्याला चाललं आहे.

कळलं ते पुण्याच्या मिलकाकडून. मिलका त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "बोलवतंय का गं तुला?"

"न बोलवायला काय झालं मला?"

"अगं, अब्राहमनं समाजाच्या ग्रुपवर टाकलंय. लेआवहिनींची तब्येत फार बिघडलीय, त्या कुणाला ओळखत नाहीत, कृपया फोन करू नये. दाऊदभाईंचे सात दिवस ठाण्याला माझ्या घरी. मी इतके दिवस गप्प राहिले. आज राहवेना."

मग मिलकानं फोटो पाठवला. अब्राहम सतरंजीवर बसलेला, पाय अनवाणी, शर्टाची कॉलर फाडलेली. मागं भिंतीवर हार नसलेला दाऊदचा फोटो, शेजारी तेवता दिवा. भोवती माणसंच माणसं. एका बाईनं तर रुमाल डोळ्यांना लावला होता.

लेआबाईंनी फोन पालथा ठेवला. त्या स्वतः जाफराबादच्या आपल्या घरात फरशीवर चटई टाकून बसल्या होत्या. पदराला चीर दिलेली. आरशावर चादर. चार दिवसांत त्यांच्या समाजाचं एक माणूस दारात आलं नव्हतं. लांबचं गाव, म्हातारी माणसं, असं म्हणून त्या स्वतःचीच समजूत घालत होत्या.

बेने इस्राएलांत, म्हणजे मराठी ज्यू समाजात, मयतानंतर घरचे सात दिवस जमिनीवर बसतात. ते कुठं जात नाहीत, चूल पेटवत नाहीत. लोकांनी त्यांच्याकडं यायचं, त्यांना जेवू घालायचं, त्यांच्याजवळ बसायचं. पण बसायचं कुणी, तेही ठरलेलं आहे. आईबाप, नवराबायको, मुलं, भाऊबहीण, एवढीच माणसं. अब्राहम दाऊदचा चुलतभाऊ. त्यानं यायचं होतं, धीर द्यायचा होता. कॉलर फाडून धीर घ्यायचा नव्हता.

मूल नसलेल्या घरात ही एवढी एकच गोष्ट लेआबाईंच्या वाटणीची होती. तीही दुसऱ्यानं उचलून नेली.

"आपा, काय झालं?" समोरच्या घरातली सुगराबी उकडलेली अंडी आणि मुगाची डाळ घेऊन आली होती. पहिल्या दिवसापासून एक वेळचं जेवण तिचं आणि एक वेळचं मागच्या गल्लीतल्या उषाबाईचं, असं त्या दोघींनी आपसात वाटून घेतलं होतं. मांसमटण आणायचं नाही, हेही न सांगता त्यांना ठाऊक होतं.

लेआबाईंनी फोटो दाखवला. सुगराबीनं चष्मा वर-खाली करून बघितला.

"हे तर दफनाच्या दिवशी आल्ते ना? संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले ते?"

"तेच."

"मंग हे कामून बसून राह्यले खाली?"

"त्यांना दुःख झालंय."

"आन तुम्हाला?"

"मी कुणाला ओळखत न्हाई म्हणे."

तेवढ्यात उषाबाई भाकरी घेऊन आली. तिनंही फोटो पाहिला आणि पदर खोचला. "बाई, माझ्याच्यानं ऐकवत न्हाई. लावा त्याला फोन. मी बोलते. मला वळखतो का इचारते."

"फोन न्हाई लावायचा," लेआबाई म्हणाल्या. "मी बसलेय. बसलेल्या माणसाकडं लोकांनी यायचं असतं."

त्या दिवशी त्यांनी ताट तसंच झाकून ठेवलं. रडूही येईना. दाऊद गेला त्याचं रडू होतं, ते रागाच्या मागं कुठंतरी अडकून पडलं. हा दुसरा राग होता. दाऊद एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, सगळी हयात इथं गेली. निवृत्तीनंतरही कुणाचा ट्रॅक्टर अडला की निघायचा. ठाण्यातल्या त्या पंधरा-वीस माणसांपैकी त्याच्याशी दहा वाक्यं बोललेलं कोण होतं? आणि त्याच्यासाठी कद्दीश म्हटली जात होती ती त्यांच्यात, जिथं लेआबाईंना आमेन म्हणायलासुद्धा जागा नव्हती.

कद्दीश म्हणजे मेलेल्याच्या नावानं म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. आपल्या धर्माचे दहा पुरुष हजर लागतात. जालन्याच्या जुन्या कबरस्तानात दाऊदला मूठमाती दिली तेव्हा चारच होते. कद्दीश राहिली ती राहिलीच. लेआबाईंचं मागणं मोठं नव्हतं. या घरात, सातव्या दिवशी उठायच्या आधी, एकदा ती व्हावी.

लेआबाईंनी फोन लावला नाही, पण मिलकानं लावले. तिनं ठाण्याच्या शलोमकाकांना खडसावून विचारलं, की तुम्ही त्या माणसाच्या घरी जाऊन बसता, त्याची बायको कुठं आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही का? शलोमकाका समाजातले सर्वांत वयोवृद्ध, प्रार्थना चालवणारे. त्यांनी अब्राहमला विचारलं. अब्राहम म्हणाला, चला, मी तुम्हाला दाखवतोच, वहिनींना घेऊनच येऊ.

म्हणून सहाव्या दिवशी, बुधवारी दुपारी गल्लीत धुळीनं माखलेली गाडी उभी राहिली. पाच जण उतरले. पुढं अब्राहम.

आता या घरात शिरायची एक रीत असते. शोकाच्या घरात नमस्कार-चमत्कार करत नाहीत. आत यायचं, बसायचं आणि बसलेलं माणूस तोंड उघडेपर्यंत गप्प राहायचं. बोलायचा पहिला हक्क त्याचा.

अब्राहम दारातूनच म्हणाला, "वहिनी, तयारी करा, उद्याचं सगळं ठाण्याला..."

शलोमकाकांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं.

सगळे बसले. लेआबाई समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. सुगराबी दाराशी उभी होती, तिनंही ओठ मिटून घेतले. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. अब्राहमनं घसा खाकरला. कुणी बघितलं नाही. त्यानं पुन्हा खाकरला. बाहेर शाळा सुटल्याचा गलबला झाला, ओसरला. पाच शहरी माणसं मांडी बदलत राहिली आणि लेआबाई भिंतीकडं बघत राहिल्या. त्यांना बोलायची घाई नव्हती. ठाण्याला हे पाच जण बडबडून आले होते. इथं त्यांना थोडी शांतता बाधणार नव्हती.

शेवटी त्या म्हणाल्या, "भावजी, मला ओळखलंत का?"

अब्राहम चपापला. "म्हणजे काय वहिनी?"

"न्हाई, मी कुणाला ओळखत न्हाई असं ऐकलं. म्हटलं, आधी तुमचीच खात्री करून घ्यावी."

दाराशी सुगराबीला खोकला आला.

"वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून लिहिलं होतं तसं. उगाच फोनवर फोन..."

"मिलकाचा सोडला तर एकही आला न्हाई. बराबर काम केलंत."

शलोमकाकांनी मान खाली घातली. अब्राहमचा आवाज चढला. "बरं, मी एक विचारतो. माझ्याकडं रोज दहा माणसं जमली. रोज कद्दीश झाली, दाऊदच्या नावानं. इथं झाली असती का? या गावात आपला दुसरा माणूस तरी आहे का? मी केलं ते त्याच्यासाठीच केलं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लेआबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"झाली नसती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथं दहा जमवलेत, चांगलं केलंत. पण त्यासाठी मला वेड लागल्याचं सांगायला लागत नव्हतं. आणि कॉलर कशाला फाडलीत? तुम्ही कोण त्याचे?"

"भाऊच ना."

"चुलत."

"वहिनी, एवढ्या वेळी तुम्ही चुलत आणि सख्खं..."

"मी न्हाई करत. शास्त्र करतं. विचारा काकांना."

 काका अब्राहमकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं होतं, तू सख्खा. मी विचारायला हवं होतं." मग लेआबाईंना म्हणाले, "लेआ, समाजाच्या कमिटीची निवडणूक आहे पुढच्या महिन्यात. हा उभा आहे. ते आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

अब्राहम उठला. इतक्या लांब येऊन मी अपमान करून घेणार नाही, असं काहीसं म्हणत तो बाहेर जाऊन गाडीत बसला आणि काच वर केली.

"काका," लेआबाई म्हणाल्या, "मला ठाण्याला यायचं न्हाई. उद्या सकाळी इथं कद्दीश व्हायला पाहिजे."

काकांनी तिथंच बसून फोन काढला. रात्रीच्या गाडीनं निघालं तर पहाटे जालना, तिथून जीप. ठाण्याहून तिघं तयार झाले. त्यातल्या एकानं विचारलं, वहिनी बऱ्या आहेत का, आणि काकांनी उत्तर दिलं, आपल्या सगळ्यांपेक्षा बऱ्या आहेत. पुण्याहून मिलकाचा नवरा आणि मुलगा. आलेल्यांना उषाबाईच्या वाड्यावरच्या खोलीत आणि गुलाम नबींच्या ओसरीवर जागा झाली. गुलाम नबी म्हणजे सुगराबीचा नवरा. गाडीतल्या पाहुण्यालाही तो बोलावून आला. पाहुणा आला, जेवला, पण लेआबाईंच्या दारात परत आला नाही.

सकाळी जालन्याहून जीप आली. तिघं उतरले. मागून पुण्याचे दोघं आले. काकांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत जायचं, एकेका माणसावर एकेक शब्द. काका म्हणत गेले आणि शेवटच्या शब्दाला माणूस उरला नाही.

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अब्राहम गाडीला टेकून उभा होता.

काका दाराकडं निघाले, तशा लेआबाई म्हणाल्या, "थांबा. माझं काम आहे ते."

त्या उठल्या. सात दिवसांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, आताही ओलांडला नाही. आतल्या बाजूलाच चौकट धरून उभ्या राहिल्या. याच माणसावाचून आपलं अडावं, याचा संताप त्यांच्या कपाळाच्या शिरेत ठणकत होता.

"भावजी, आत या."

"आता का?" अब्राहम म्हणाला. "काल तर मी कोण लागतो असं विचारत होता. आधी म्हणा, की माझं काही चुकलं नाही."

"चुकलंच. ते मी मरेपर्यंत म्हणणार. पण दाऊदला तुम्ही लागता आत्ता. मला न्हाई, त्याला. त्याच्यासाठी केलं म्हणालात ना काल? मंग करा."

गल्लीत गुलाम नबी, उषाबाई, दुधाची बरणी हातात असलेला कुणीतरी, सगळे थबकले होते. अब्राहमनं त्यांच्याकडं बघितलं, चपला काढल्या आणि मान खाली घालून आत आला.

कद्दीश झाली. काकांनी म्हटली, बाकीच्या नऊजणांनी साथ दिली. लेआबाईंनी प्रत्येक आमेन मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या आमेनला त्यांचा आवाज फुटला आणि इतके दिवस अडकलेलं रडू आलं. ते कुणी थांबवलं नाही. दारातल्या दोघी बायकाही रडल्या.

मग काका म्हणाले, "लेआ, ऊठ आता." रीतच आहे तशी. बसलेल्याला दुसऱ्यानं ऊठ म्हणावं लागतं. अब्राहम हात द्यायला पुढं झाला. लेआबाईंनी भिंतीला धरलं आणि त्या आपल्या आपण उठल्या. डोळे पुसले.

"भावजी, फोन आहे ना जवळ? ग्रुपवर लिहा. दाऊदचे सात दिवस जाफराबादला त्याच्या घरी झाले. बायको शुद्धीवर आहे. सांत्वनाला यायचं राहिलं असेल त्यानं इथं यावं."

"आत्ता?"

"गाडी निघायच्या आधी."

अब्राहमनं लिहिलं. नऊ माणसं उभी राहून बघत होती. लिहून झाल्यावर त्यानं फोन त्यांच्यापुढं धरला. लेआबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं, शेवटच्या नावापर्यंत.

"खाली दाऊदचा भाऊ अब्राहम असं लिहिलंय."

"मग?"

"चुलत टाका," त्या म्हणाल्या, आणि त्यानं टाकेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.