बेबीताईची सीतादही

आजारी माणसाला भेटायला येणारे रिकाम्या हातानं येत नाहीत, आणि रिकाम्या हातानं जातही नाहीत. येताना दोन केळी आणतात, जाताना त्या माणसाची झोप घेऊन जातात. बाभुळगावजवळच्या आमच्या गावात भगवानरावांच्या ओसरीवर हा व्यवहार पोळ्यापासून चालू होता, आणि त्यात सगळा तोटा बेबीताईंचा होता.

बेबीताई म्हणजे भगवानरावांची बायको. पोटातला कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि मुलाला, पियुषला, समोर बसवून सांगितलं होतं, की हा आता बरा व्हायचा नाही. दुखणं मात्र आवरता येईल. त्यासाठी गोळ्या दिल्या. रात्री नीट झोपू द्या, दिवसा जमेल तेवढं चालू द्या, असंही बजावलं. घरानं ते मान हलवून ऐकलं आणि बरोब्बर उलटं केलं.

खाट आणली ओसरीवर, दारासमोर. भेटायला येणाऱ्याला चपला काढायचा त्रास नको. दिवसभर 'पडून राहा, उठू नका' हाच घोष. पाण्यासाठी हात लांब केला की सून अपेक्षा भांडं तोंडाशीच धरी. मोरीत जायचं तर दोघं बगलेत हात घालून पोत्यासारखं उचलत. दिवाळीपर्यंत पायांच्या काड्या झाल्या, तेव्हा घर म्हणालं, "पाहा, आजार कसा पायात उतरला."

रात्रीचा कारभार भगवानरावांकडे. गोळी ते देत, पण अर्धी. अडकित्त्यानं सुपारीसारखी कातरून. ही अफूच्या जातीची गोळी आहे असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलेलं. अर्ध्या गोळीनं दुखणं थोडं कमी होई, झोप मात्र सगळीच जाई. चुकून डोळा लागलाच, तर श्वास चालू आहे का पाहायला भगवानराव तिच्या नाकाशी बोट धरत. त्या बोटाला तंबाखूचा असा वास, की मेलेलं माणूसही उठून बसावं.

"अख्खी द्या न," बेबीताई म्हणत.

"सवय लागंल व तुले."

"सवय लागाले मी का शंभर वर्सं जगून राह्यली?"

भगवानराव उरलेली अर्धी पुडीत बांधून ठेवत. माणूस वाईट नव्हे, एवढं त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. चौकातल्या गप्पा त्यांनी सोडल्या होत्या, पोटभर जेवण सोडलं होतं. फक्त भीती सोडवत नव्हती, आणि तिचं भाडं बायको भरत होती.

पियुषचं प्रेम आणखी वेगळं. त्यानं यवतमाळहून चाकाची खुर्ची आणली. बेबीताईंनी ती नीट पाहिली, चाकं हातानं फिरवून पाहिली, आणि अपेक्षाला म्हणाल्या, "चांगली हाय. मिरच्या वाळत घाल तिच्यावर."

अशात कापूस फुटला.

आमच्याकडे कापूस फुटला म्हणून लगेच कुणी वेचायला धावत नाही. आधी सीतादही. घरच्या बाईनं वावरात जायचं, पाच झाडांना हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपायचा, आणि पहिली बोंडं स्वतःच्या ओटीत घ्यायची. मग बाकीच्यांचा हात लागायचा. बेबीताई लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूनं हा मान त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून एक साल चुकलं नव्हतं. पियुष पोटात असताना नाही, सासू गेली तेव्हाही नाही.

बिजलीबाई विचारायला आली. ती जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिच्या वेचणाऱ्या बाया भगवानरावांच्या वावरात कित्येक सालांपासून यायच्या. ओसरीवर खाट पाहून ती दारातच थबकली.

"याडी ये, माय वं! बाई, तुमाले रस्त्यावर कायले ठिवलं?"

"बाजार हाय न," बेबीताई म्हणाल्या. "ज्याले पाहाचं त्यानं पाहून जावं."

भगवानराव घाईनं मध्ये पडले. "उद्यापासून आणतं का बाया? आभाळ भरून राह्यलं. सीतादही औंदा अपेक्षा करन."

"माह्या हातची थे कशी करन?" बेबीताईंनी विचारलं.

"नाही त मग वावरातलं झाड उपटून आणतो इथं. पडल्या पडल्या कुकू लाव," भगवानराव म्हणाले.

"सीतादही का पार्सलानं येते? मी जाईन. माह्या पायानं."

आजारी माणूस असं काही बोललं की घरातले लोक एकमेकांकडे पाहतात, त्याच्याकडे नाही. बेबीताईंनी हेही पाहून ठेवलं. मग त्या बिजलीबाईकडे वळल्या.

"बिजलीबाई, मी जिवंत असून दुसरीनं केली, त तुह्या बाया हात लावतीन का?"

बिजलीबाईनं भगवानरावांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि पदर कमरेला खोचला. "नाई लावणार. घरधनीण आल्याबिगर माह्यी एक बाई बांध वलांडत नाई."

"अवं पण पाणी आलं त कापूस काळा पडन!"

"मंग बाईले लवकर चालती करा, भगवानराव," असं म्हणून ती निघालीसुद्धा. केळी आणली नव्हती, पण त्या ओसरीवर आजवर आलेल्या सगळ्यांत तीच भारी देऊन गेली.

बेबीताईंनी आपला भाव तिथंच सांगितला. गोळी अख्खी, डॉक्टरीणबाईंनी सांगितली तशी. खाट मधल्या खोलीत. दिवेलागणीनंतर कुणी भेटायला नको. नाकाशी बोट नको. आणि दिवसा, मागितल्याशिवाय कुणी हात धरायचा नाही.

"पडली त?" पियुषनं विचारलं.

"त उचल. पडाच्या आधी कायले उचलतं?"

भगवानरावांचा अजून धीर होईना. म्हणून पियुषनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अर्धी देताय?" पलीकडून आवाज आला. "कुणी सांगितलं?"

भगवानरावांनी अडकित्ता गुपचूप मांडीखाली सरकवला.

"दुखणाऱ्या माणसाला या गोळीचं व्यसन लागेल म्हणून उपाशी ठेवू नका, काका. वेळेवर, पूर्ण द्या. फार गुंगी आली, काही वेगळं वाटलं, तर लगेच मला फोन करा. आणि त्यांना चालावंसं वाटतंय ना? मग चालू द्या. दमल्या की बसतील."

त्या रात्री अख्खी गोळी पोटात गेली. सकाळी ऊन अंगणात आलं, गाई बाहेर गेल्या, तरी बेबीताई उठेनात. मधल्या खोलीत खाटेभोवती सगळं घर विहिरीत वाकून पाहावं तसं उभं. बोट लावायला बंदी. भगवानरावांनी आपलं बोट दुसऱ्या मुठीत दाबून धरलं. तेवढ्यात बेबीताईंनी एक डोळा उघडला.

"काय पाहून राह्यले? जिती हावो मी. चहा ठेवा."

भगवानराव मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बेबीताईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आटोपलं असंल त साखर जरा जास्त घाला म्हणा."

झोप मिळाली म्हणून आजार हटला नव्हता. पोट तसंच फुगलेलं, डोळे तसेच पिवळे. पण दिवसा अंगात थोडी धुगधुगी येऊ लागली, आणि ती एक कणही वाया घालवायची नाही असं बाईंनी ठरवलेलं. खुर्चीवरच्या मिरच्या काढल्या, आणि तिच्यात बसण्याऐवजी मागून तिचे दांडे धरून त्या चालायला लागल्या. आधी तुळशीपर्यंत. मग फाटकापर्यंत. मग बबनरावांच्या ओट्यापर्यंत, तिथं बसून दम खायचा.

बबनराव गावातले जाणते. कोण किती दिवसांचा सोबती, हे ते चेहरा पाहून सांगत, आणि बेबीताई दिवाळी पाहणार नाहीत, हा हिशेब त्यांनी चौकात सांगून टाकलेला. दिवाळी उलटून गेली होती.

"कायले जिवाले तरास देता, ताई?" ते म्हणाले. "आरामात पडून राहाव."

"तुमाले माह्या तेरवीची बुंदी खाची घाई हाय, बबनराव. पण रगतात साखर तुमालेच हाय. मी थांबते, तुमी सांभाळा."

आभाळ रोज भरून येई आणि पुढे सरके. भगवानराव रोज वर पाहत, मग बायकोच्या पायांकडे पाहत, आणि तिला फाटक उघडून देत.

एका सकाळी बेबीताई हिरवं लुगडं नेसल्या. अपेक्षानं दहीभात कालवला. डबा, हळदकुंकू, नारळ सगळं खुर्चीत बसलं, आणि बाई खुर्ची ढकलत निघाल्या. मागून अख्खं घर, हात पुढे करून, पण न लावता. जणू काचेची बरणी आपण होऊन चालली आहे. नाल्याच्या चढावर त्या दोनदा थांबल्या. त्या थांबल्या की मागचेही थांबत. बांधावर बिजलीबाई आणि तिच्या बाया उभ्या होत्या, एकीचाही पाय वावरात नव्हता.

काळ्या मातीत खुर्ची रुतली. बेबीताईंनी दांडे सोडले. भगवानरावांचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला.

बेबीताईंनी त्या हाताकडे पाहिलं. "धरा आता," त्या म्हणाल्या. "मी म्हणून राह्यली म्हणून."

त्यांनी धरला. पाच झाडांना कुंकू लागलं, दहीभात शिंपला गेला. बोंडातला कापूस बाईंनी असा निगुतीनं ओढला, की सरकी एकही बोंडात राहिली नाही. ओटी भरली म्हणावी एवढाही नव्हता, पण पाच झाडांचा तो पांढरा मूठभर ऐवज त्यांनी पदरात बांधला आणि बिजलीबाईला म्हणाल्या, "लाव तुह्या बायाले. आन् आपापल्या ओळीची पात चुकवू नोका, मी पाहून राह्यली."

परत येताना मात्र त्या खुर्चीत बसल्या. ढकलत होते भगवानराव. नाल्याच्या उतारावरच बेबीताईंची मान कलली, पदराची गाठ तशीच मुठीत. गावात शिरताच बबनराव आडवे आले, हातात केळी, तोंडात चौकशी.

"काय म्हणते तब्येत? लय दमल्या वाट्टे, ताई? ताई...?"

भगवानरावांनी खुर्ची थांबवली. ओठांवर बोट ठेवलं. तेच तंबाखूचं बोट. "झोपली हाय. हळू बोला, नाही त घरी जा. भेटाचं असंल त उद्या या, दिवसा, थे उठल्यावर."

बबनराव बावरले. वळून निघाले.

बेबीताईंचे डोळे मिटलेलेच होते. "अवो," त्या पुटपुटल्या, "केळी ठिवून घ्या आंधी."