उचललेला पाय

ऑस्ट्रियात घडवलेली ती ब्राँझची नर्तिका घरात आली, त्या दिवसापासून शालनचा डावा पाय जमिनीला टेकेनासा झाला. नर्तिकेचाही डावाच पाय हवेत होता. दिगंबरराव मात्र जाम खुशीत. लिलावात शंभर वर्षांपूर्वीची वस्तू त्यांच्या पदरात पडली होती.

"एका पायावर स्वयंपाक होतोय ना? मग झालं तर," ते बायकोला म्हणाले.

लंगडी घालत लाटलेल्या पोळ्याही गोलच होत होत्या. दिगंबररावांचं तरी काय चुकलं म्हणा! पण मिरजेला केतकीचे दिवस भरत आले होते. लेकीचं पहिलं बाळंतपण, डिंकाचे लाडू डब्यात तयार, आणि शालनचा पाय काही एसटीच्या पायरीवर ठरत नव्हता. लेकीजवळ जायचं, एवढंच तिला हवं होतं.

दसऱ्याला चिंचेने घासले की देवसुद्धा हलके होतात, हे तिला ठाऊक होतं. नर्तिकेचा पाय सुटला तर आपलाही सुटेल, म्हणून दुपारी तिने चिंच भिजवली, नर्तिकेला मोरीत नेलं आणि खसाखसा घासलं. शंभर वर्षांचा काळपट रंग सुटला, तो थेट तिच्या हातांवर चढला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. नर्तिका लख्ख झाली, वाढत वाढत शालनएवढी झाली. तिने पाय खाली टेकवला, शालनच्या चपला घातल्या आणि लाडवांचा डबा उचलला.

"मी जाते मिरजेला."

"अहो, लेक माझी आहे," शालन म्हणाली.

"सांगते तिला."

तिला अडवायला शालन लंगडत बाहेरच्या खोलीत धावली, तोल गेला म्हणून नर्तिकेच्या रिकाम्या संगमरवरी चौथऱ्यावर चढली आणि तिथेच आक्रसून ब्राँझसारखी घट्ट झाली.

संध्याकाळी दिगंबरराव आले. चौथऱ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"टाचेपाशी रंग उडालाय," म्हणत ते गुडघ्यांवर बसले आणि मऊ फडक्याने पॉलिश लावू लागले. बत्तीस वर्षांत तिचा पाय त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला, आणि तोही किती जपून! शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठ मात्र हलेनात.

फोन वाजला. केतकीच्या नवऱ्याचा आवाज खोलीभर घुमला. "बाबा, मुलगी झाली! आई अगदी वेळेवर पोचल्या. आनंदाने नाचल्या हो!"

"वा! पण माझ्या जेवणाचं काय, ते विचारा त्यांना."

"त्या म्हणतायत, घरी आहे की कोणीतरी."

फोन ठेवून ते परत आले. मूर्तीच्या अंगावर उजेड नीट पडत नव्हता, म्हणून त्यांनी चौथरा अलगद फिरवला. दाराकडे उचललेला तिचा पाय आता स्वयंपाकघराकडे झाला.