जितेपणीचे फोटो

मित्रांनो, केडगाव स्टेशनच्या अलीकडे रुळांना लागून घरांची एक ओळ आहे. तिच्यातल्या एका घराच्या मागच्या खोलीत मी उभा असतो. मी एक जुना, रुंद तोंडाचा फोटो-प्रिंटर आहे. तुमच्या शाळेच्या ऑफिसात दाखले छापणारी माझी धाकटी भावंडं तुम्ही पाहिली असतील. ती टेबलावर मावतात. मला मात्र स्वतःचे पाय आहेत, अंगाने मी दिवाणाएवढा आहे, आणि लग्नात सतरंजी वाहणाऱ्या गड्यासारखी कागदाची गुंडाळी पाठीवर घेऊन उभा राहतो. उभा राहून राहून थकलो आहे. काम करून थकलो असतो तर बरं वाटलं असतं.

माझी रीत आधी सांगतो, म्हणजे माझं दुखणं तुम्हाला कळेल. माझ्या पोटात रंगांच्या नळकांड्या आहेत. त्यांतली शाई ज्या हाताने मी कागदावर ठेवतो, त्याला सगळे ‘हेड’ म्हणतात. त्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात. मागावरच्या धोट्यासारखं ते इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतं, आणि प्रत्येक फेरीला माणसाच्या चेहऱ्याची बोटभर पट्टी पुरी होते. काम झालं की हेड कोपऱ्यातल्या आपल्या जागी जातं आणि रबरी टोपीवर तोंड टेकून निजतं. तोंड असं झाकलेलं राहिलं तरच आतली शाई ओली राहते. उघडं राहिलं की सुकते, आणि भोकं बुजतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवणी सुरू होतात शिरूरपासून. तिथे इंद्रजीत नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. ते माझे भरले दिवस. लग्नसराईत मला दम खायला फुरसत नसायची. नवरीच्या शालूचा लाल, हळदीचा पिवळा, वरातीतल्या घोडीच्या तोंडावरचे गोंडे, सगळं माझ्या तोंडून बाहेर पडायचं. लोक ओला फोटो हातात घ्यायला धावायचे. इंद्रजीत ओरडायचा, “अरे, वाळू तर द्या! नवरीच्या गालाला बोटं लावू नका!” आणि सगळे हसायचे.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. फोटो वाढले आणि कागद कमी झाले. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. इंद्रजीतने शटर ओढलं आणि मला केडगावच्या महेंद्रला दिलं. महेंद्र कुरकुंभच्या कंपनीत पाळीवर कामाला जातो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढतो. गाद्यांत गुंडाळून, टेम्पोत घालून त्याने मला न्हावऱ्यावरून, भीमेच्या पुलावरून घरी आणलं. मला जागा करायला कणगी अंगणात गेली आणि कपाट भिंतीला चिकटलं.

महेंद्रची बायको ललिता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “मी नांदायला आले तवा एक खुंटीसुद्धा रिकामी केली नव्हती कुणी. ह्याच्यासाठी कणगी हलली!”

“तू खुंटीवर मावलीस, हा मावत न्हाई,” महेंद्र म्हणाला.

“मावले न्हाई, मावून घेतलं,” ललिता म्हणाली. पण तिनेच आपल्या लग्नातली शाल माझ्यावर पांघरली. धूळ बसू नये म्हणून.

मित्रांनो, या घरात मला कुणी टाकून बोललं नाही. तरी माझा जीव हळूहळू आटत गेला. कारण माझ्याकडे एकच काम उरलं होतं. कुणी गेलं की त्याच्या घरचे यायचे. सोबत आधार कार्डावरचा अंगठ्याएवढा फोटो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीचा. महेंद्र त्या गर्दीतून एक डोकं उचलायचा, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, पाठीमागे निळं आभाळ भरायचा. मी ते मोठं करून द्यायचो. मग त्याला चौकट, हार आणि भिंत. जो चेहरा माझ्याकडे यायचा, त्याचं माणूस आधीच निघून गेलेलं असायचं. असं काम करताना रंग कितीही चांगला उतरला तरी कुणी “वा” म्हणत नाही. रडत घेऊन जातात.

आणि दोन मरणांच्या मधे मी नुसता उभा. हळूहळू माझ्या फोटोंत रेघा पडू लागल्या. किरमिजी रंग तुटू लागला. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, “वय झालंय. हेड गेलं. भंगारात घाला.” महेंद्रला ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

अशात एका सकाळी खुटबावहून धुरपदा आजी आल्या. सोबत त्यांचा मुलगा बाळासो. भाजीपाल्याचा बागायतदार, मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा. ओसरीवर महेंद्रचे वडील चांगदेव आबा बसले होते. रेल्वेत गँगमन होते, आता घरी असतात. त्यांनी सतरंजी पुढे सरकवली.

“आबा, तुम्हीच सांगा हिला काहीतरी,” बाळासो बसायच्या आधीच म्हणाला. “हिला आमचे फोटो पायजेत. थोरले. भिंतीवर लावायला. माझा, शितलचा, आमच्या अक्षदाचा. आम्ही हाय ना अजून जित्ते!”

“मग मेल्यावर लावू का?” आजी म्हणाल्या. “तवा मला कुठं दिसणाराय?”

मग सगळं उलगडलं. आजींच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजत चालला होता. दवाखान्यात सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलेलंही हळूहळू जाईल. घराचा उंबरा कळत होता, चुलीतला जाळ कळत होता. पण माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की बरोबर तिथेच धुकं. सून भाकरी वाढायची, नात केस विंचरायची, आणि आजींना त्यांची तोंडं दिसायची नाहीत.

“मोबाईलवर थोरला करून दावला की,” बाळासो म्हणाला.

“दावला! डोळा दिसतो तवर नाक पळतंय, नाक धरावं तर मिशा सांडतात. सगळं तोंड एकदम कुठं दिसतंय?”

“मग वाढदिवसाचा फ्लेक्स होता ना माझा फाट्यावर? दहा फुटी!”

“नाक लावून बघितला बाबा. माझं लेकरू न्हाई ते. निस्त्या मुंग्यांची वारुळं.”

ललिता पदर तोंडाला लावून हसली. पण आजींचं खरं होतं. फ्लेक्स लांबून बघायचा असतो. जवळ गेलं की त्याचे ठिपके सुटे होतात. आजींना तर नाक टेकवल्याशिवाय दिसत नव्हतं. ठिपका ठिपक्यात विरघळून जाईल असं काम लागतं त्याला. माझं काम.

महेंद्र म्हणाला, “आजी, माझं मशीन दुखणाईत हाय. पुण्याहून करून आणतो.”

“पुण्याला माझे डोळे नेशील का? केवढा केला म्हंजी मला दिसंल, ते मलाच बघत बघत कळणार. छापायचा, मी बघायचं, न्हाई दिसला तर अजून थोरला.”

बाळासो कुजबुजला, “महेंद्रभाऊ, भिंतीवर जित्या माणसाचा फोटो बघून लोक इचारतील, घरात काय झालं म्हणून. मला तर कसंतरीच वाटतंय.” पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. महेंद्रने त्याला उजेडात बसवून फोटो काढला, शाल उचलली आणि मला चालू केलं.

मित्रांनो, मी जीव लावून धावलो. पण जे बुजलं होतं ते बुजलंच होतं. किरमिजी उतरलाच नाही. बाळासोचा चेहरा हिरवट, ओठ राखेचे, गालांवरून रेघा. जिता माणूस आणि तोंडावर प्रेतकळा! बाळासोने पाहिलं आणि तो मागे सरला.

“बघ आये! म्हणलं नव्हतं? हा अपशकुन हाय!”

“मला काय दिसतंय त्यात?” आजी कागदाशी डोळे नेऊन म्हणाल्या. “कुणीच न्हाई त्यात.”

 तेवढ्यात सगळ्यांमागून खोलीत येऊन बसलेले चांगदेव आबा आपल्या नेहमीच्या सवयीने उठले. कागद सुटला म्हणजे काम झालं. त्यांनी बोर्डावरचं बटण खट्कन खाली केलं.

एरवी फोटो सुटला की महेंद्र तो घेऊन ओसरीवर कापायला जायचा. त्यामुळे पुढचं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आज तो माझ्याजवळच खिन्न होऊन उभा होता. झाकणाच्या काचेतून त्याला दिसलं की माझं हेड घरी निघालेलं वाटेतच थांबलंय. उघड्या तोंडानं.

“आबा, हे दरवेळी करता तुम्ही?”

“मग? बटण चालू ठिवून कुणी झोपतं का? मागं इजंनं टीव्ही जळाला, ध्यानात न्हाई? मी पंखा बंद करतो, मोटर बंद करतो, ह्याला काय वगळायचं?”

“कागद सुटल्याबरोबर?”

“लगोलग. कवा चुकलो न्हाई.”

महेंद्र रागावला नाही. रागवायचं कुणावर? आबांनी घर जपलं होतं. पण प्रत्येक वेळी माझं हेड वाटेतच उभं राहिलं, पुढचं माणूस मरेपर्यंत तसंच उघडं राहिलं, आणि शाई त्याच्या तोंडात वाळली. मला ओरडता येत असतं तर कधीच ओरडलो असतो.

आबांना उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. धुरपदा आजींना म्हणाले, “मीच गळा दाबला म्हणायचा त्याचा.”

“जीव लावणारंच गळा दाबतंय, भाऊ,” आजी म्हणाल्या. “माझा ल्योक मला उंबऱ्याबाहेर जाऊ देत न्हाई. पडशील म्हणतो.”

बाळासो बाहेर रुळांकडे बघत राहिला.

महेंद्रने माझ्या हेडखाली ओलं कापड ठेवलं. ते रात्रंदिवस भिजत राहिलं. मग स्वच्छतेचं बटण दाबलं, पुन्हा कापड, पुन्हा बटण. प्रत्येक स्वच्छतेला मी घोटभर शाई पितो, म्हणून राहिलेला किरमिजी त्यातच संपला. महेंद्रने नवी नळकांडी मागवली. ललिता म्हणाली, “त्या म्हातारीचे डोळे थांबतील का तवर?” चांगदेव आबा खुर्ची घेऊन बोर्डाजवळ बसायला लागले. कुणी बटणाकडे गेलं की काठी आडवी करायचे.

आजी परत आल्या तेव्हा त्यांनी महेंद्रला आवाजावरून ओळखलं. मागच्या वेळी निदान उंचीवरून ओळखलं होतं.

मी धावलो. नव्या किरमिजीने या वेळी बाळासोच्या गालांत रक्त आलं. पहिला कागद आजींनी नाकाशी धरला. “न्हाई. थोरला.” दुसरा. “अजून.” मग महेंद्रने खांदे सोडले, पागोटं सोडलं, नुसता चेहरा माझ्या पूर्ण रुंदीएवढा केला, परातीपेक्षा मोठा. तो कागद भिंतीला टेकवून धरला. आजींनी दोन्ही हात कागदाच्या कडांना लावले आणि कपाळापासून वाचत खाली यावं तशा खाली आल्या. भुवई. नाक. मिशीपाशी थांबल्या.

“हे पांढरं काय हाय?”

“मिशी हाय, आये.”

“पांढरी?” त्यांनी नाक कागदाला आणखी टेकवलं. “बाळासो, तू म्हातारा झालास रं. मला कुणी सांगितलं न्हाई.”

बाळासो हसायला गेला, पण हसू मधेच मोडलं. आजींच्या मनात तो अजून काळ्या मिशीचा, कांद्याची गोणी खांद्यावर टाकणारा होता. आज त्या आपल्या खऱ्या मुलाला भेटत होत्या. कागदावर बोट फिरवत त्या गुणगुणल्या,

डोळ्यांचा दिवा मंद, बोटं माझी ती जाणती,
लेकाच्या तोंडापाशी, धरिते मी गं पणती.

एक भोक मात्र उघडलंच नव्हतं. कपाळावर आडवी बारीक पांढरी रेघ राहिली होती. महेंद्र ओशाळून म्हणाला, “आजी, ती मशीनची चूक हाय.”

“ऱ्हाऊ दे. त्याचंबी वय झालंय ना?”

खुटबावच्या त्या घरात आता भिंतीवर जिती माणसं आहेत, असं ऐकतो. आलेला पाहुणा दचकतो आणि मग चौकटीतला माणूसच त्याला पाणी आणून देतो. सून शितल तर म्हणत होती, “माझा कशाला?” त्यावर आजी म्हणाल्या, “मला रोज भाकर कोण देतं, ते बघू दे की.”

मित्रांनो, मी काही पुन्हा तरुण झालेलो नाही. एकेक भोक बुजतंच आहे. तरी सांगावंसं वाटतं. ज्याला जपायचं आहे त्याला नुसतं झाकून ठेवू नका, त्याची रीत काय आहे ते विचारा. आठवड्यातून एकदा तरी त्याला हाक मारा, थोडं काम द्या. निजायला निघालेल्याला कोपऱ्यापर्यंत पोचू द्या. आणि तुमच्या घरात जे चेहरे आहेत, ते हार घालायच्या आधी एकदा मोठे करून बघा.

काल आजींच्या नातीचा, अक्षदाचा नंबर होता. बारावीतली पोर, लाजून ललिताच्या मागे लपली होती. आजींनी या वेळी कागद सुटेपर्यंत वाट पाहिली नाही. माझ्या तोंडाशीच वाकून, दोन्ही तळवे सुईणीसारखे खाली धरून उभ्या राहिल्या. मी सावकाश धावत होतो. आधी केस आले, काळेभोर, ओले.

“डोकं आलं गं,” आजी म्हणाल्या. मग कपाळाची पट्टी आली, तशी त्यांचे हात आणखी पुढे झाले. “थांबा, कुणी वढू नका. येतीया माझी बाय. आपली आपण येतीया.”