डिकीतलं पाचवं चाक

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीचं पाचवं चाक. बाकीची चार पळत असतात तेव्हा मी डिकीतल्या खड्ड्यात, अंधारात, पाठ टेकून पडलेली असते. त्यामुळे माझ्या गोष्टीत पाहिलेलं थोडं आणि ऐकलेलं फार, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही पाच बहिणी एकाच कारखान्यात घडलो. पत्र्याचं अंग, चार भोकं, काळा रंग आणि वर साधं रबर. देखणेपणाच्या नावाने आनंदच होता. ज्या गाडीला आम्हाला जोडलं तीही तशीच, छोटी, पांढरी, कुणी वळून बघणार नाही अशी. तिच्याच घराण्यात एक थोरली होती. चेहरा तोच, पण इंजिन तगडं, ब्रेक मोठे, चाकं रुंद आणि चकचकीत. कारखान्याच्या अंगणातून ती गुरगुरत निघाली तेव्हा सगळे कामगार हात थांबवून बघत राहिले. आम्हाला मात्र कुणीतरी ढकलत बाहेर नेलं.

आमची गाडी ज्यांनी घेतली ते शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. माझ्या छातीवर नेहमी एखादं बिघडलेलं मशीन, हत्यारांची पेटी आणि तेलाची बाटली असायची. बाटलीचं झाकण कधीच नीट लागायचं नाही. त्या तेलाचा वास माझ्या रबरात इतका मुरला की अजून जात नाही.

बाबांची एक रीत होती. ठरावीक दिवसांनी ते चाकांच्या जागा बदलत आणि त्या फेऱ्यात मलाही घेत. एक बहीण माझ्या खड्ड्यात विसावायची आणि मी रस्त्यावर जायची. म्हणून मी उन्हाने तापलेलं डांबर पाहिलंय, खडीही पाहिलीय. हवा बघायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. अंगठ्याने दाबायचं, मग बोटाच्या सांध्याने टकटक करून कान लावायचा. हे सगळं त्यांना त्यांच्या थोरल्या भावाने शिकवलं होतं. हे दादा डोंगरापलीकडच्या गावात राहत आणि जन्मभर ट्रक चालवत आले होते. ते म्हणायचे, "धाकट्या, चार चाकं नेतात, पाचवं घरी आणतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला स्वतःबद्दल थोडा गर्वच झाला होता.

पुढे बाबांचा गुडघा दुखू लागला, क्लच दाबवेना, आणि किल्ली चिरंजिवांच्या हाती गेली. मुलगा वाईट नव्हता. गाडीवर त्याचं मनापासून प्रेम होतं. पण ती आहे तशी त्याला आवडत नव्हती, आणि असं प्रेम करणाऱ्यांची मला तेव्हापासून धास्तीच वाटते.

एके दिवशी भंगाराच्या आवारात थोरली आली. तीच ती गुरगुरणारी. छप्पर चेपलेलं, पण खालचं सगळं शाबूत. चिरंजीव आणि त्यांचा गॅरेजवाला दोस्त तिच्याभोवती फिरून आले. या दोस्ताला सगळे पान्या म्हणत, कारण हातात पाना नसेल तर त्याला बोलणंच सुचायचं नाही. मग थोरलीच्या अंगावरचा एकेक दागिना आमच्या गाडीवर चढू लागला. आखूड, ताठ स्प्रिंगा आल्या. गर्जणारा सायलेन्सर आला. पाठ आवळून धरणाऱ्या खुर्च्या आल्या. चारही बाजूंना मोठे ब्रेक बसले आणि त्यावर रुंद, चकचकीत चाकं. माझ्या चारही बहिणी एका दुपारी काढल्या गेल्या. कुणाच्या तरी हातगाड्यांना लागल्या, असं नंतर कानावर आलं. थोरलीची स्टेपनी कुणीतरी आधीच लंपास केली होती, म्हणून मी एकटी तेवढी उरले.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," आई म्हणाली. "आणि हा आवाज. गाडी गल्लीत शिरली की मला वाटतं कुकर फुटला."

गुडघा सांभाळत बाबा मागे आले, डिकी उघडली, गालिचा उचलला आणि मला अंगठ्याने दाबलं.

"या पाचव्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"भोकं तीच आहेत, बाबा," पान्या म्हणाला. "चार बोल्ट, चार भोकं. बसणारच."

"बसणारच, की बसवून बघितलंय?"

"बघतो ना उद्या," चिरंजीव म्हणाले.

तो उद्या काही उजाडला नाही. रविवार आले आणि गेले. गाडी धुतली गेली, पुसली गेली, तिचे फोटो निघाले, पोरं कुतूहलाने गोळा झाली. बाबा मात्र अधूनमधून येऊन माझी हवा बघत. टकटक करत, कान लावत. मला वाटायचं, चला, कुणाला तरी आठवण आहे.

मग ती दुपार आली. दादांच्या मुलीचा फोन होता. "काका, निघा तुम्ही. बाबा सकाळपासून तुमचंच नाव घेतायत. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका." बाबांनी धड चपलाही नीट घातल्या नाहीत. चिरंजिवांनी गाडी अशी काढली की माझ्या खड्ड्यातही दणके जाणवले. "दीड तासात नेतो तुम्हाला," ते म्हणत होते, आणि नेलंही असतं. बाबांचा एकच धोशा होता. "त्याने मला ओळखलं पाहिजे रे. बाकी काही नको."

डोंगराच्या अलीकडे दगडाची खाण आहे. तिथे जड गाड्यांनी रस्ता खाल्लेला. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि फटकन आवाज आला. ती रुंद चाकं दिसायला राजबिंडी, पण त्यांचं रबर पातळ. माझ्यासारखा जाडजूड टायर हसत बाहेर आला असता. ते मात्र एका बाजूने उभं फाटलं.

डिकी बाबांनीच उघडली. मला त्यांचा चेहरा दिसला आणि त्यावर भीती नव्हती. "घाबरतोस कशाला? पाचवं आहे की," ते मुलाला म्हणाले. मित्रांनो, खरं सांगते, इतक्या वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. दादांकडे आता मीच नेणार, असं मला वाटलं.

चिरंजिवांनी मला उचलून लावलं. चारही बोल्ट चारही भोकांसमोर आले. पान्या त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. पण मी आत सरकले आणि मध्येच अडले. थोरलीचा तो मोठा ब्रेक माझ्या पोटात मावेना. बोटभर अंतर राहिलं. चिरंजिवांनी खांद्याने रेटलं, मला फिरवून बघितलं, काढून पुन्हा लावलं. मग मागचं चकचकीत चाक पुढे लावावं आणि मला मागे बसवावं, असं ठरलं. पण मागेही तसाच ब्रेक होता, तिथेही तेच झालं. मी अंग चोरायचा प्रयत्न केला. पत्र्याला अंग चोरता येत नाही.

"बसवून बघितलं नव्हतंस," बाबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"भोकं जुळत होती, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. चिरंजिवांनी पान्याला फोन लावला. तो चाक घेऊन निघाला खरा, पण त्याचं येणं म्हणजे वरातीमागून घोडं. येणाऱ्या गाड्यांना चिरंजीव हात करत होते. काही भरलेल्या होत्या, काही थांबल्याच नाहीत. शेवटी खडी भरलेला एक ट्रक थांबला. पायरी उंच होती आणि बाबांचा गुडघा वाकेना. चिरंजिवांनी त्यांना कमरेला धरून उचललं, आणि खडीच्या धुरळ्यात ट्रक दिसेनासा झाला.

नंतर चिरंजीव येऊन माझ्यावरच बसले. मी रस्त्याच्या कडेला आडवी पडले होते, गाडी एका बाजूला जॅकवर तिरकी उभी होती. ऊन उतरत चाललं होतं. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते, हातात पाना धरून. मग फोन वाजला.

"पोहोचलो रे मी," बाबांचा आवाज आला.

"काकांनी ओळखलं?"

"हात अजून गरम होता त्याचा," बाबा म्हणाले. "तू सावकाश ये. घाई करू नकोस आता."

चिरंजिवांनी फोन खिशात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्या रबरावर पडलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण नाही आला. वाईट वाटलं, एवढंच.

पुढे गाडीत बरोबर बसणारी नवी स्टेपनी आली. बसवून बघूनच घेतली. गर्जणारा सायलेन्सर काढून जुना लावला गेला, का ते कुणी विचारलं नाही. मला भंगारात द्यायला पान्या आला तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे तिला." तेव्हापासून मी त्यांच्या कामाच्या खोलीत, मशीनच्या सुट्या भागांच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी आहे. इथे तेलाचा वास आहे. रस्ता नाही.

मित्रांनो, आता माझा कुणालाच उपयोग नाही, पण एक मागणं आहे. तुमच्या घरात, गाडीत, दप्तरात अडीअडचणीसाठी काहीतरी ठेवलेलं असतं. नवं काही आणलं, काही बदललं, की ते जुनं एकदा बाहेर काढा आणि लावून बघा. नुसती भोकं मोजू नका. उद्यावर टाकू नका.

मी आता कुठल्याच गाडीला लागणार नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बाबा माझी हवा बघत असत. हल्ली त्यांना खाली बसवत नाही. गेल्या रविवारी चिरंजीव पायपंप घेऊन खोलीत आले आणि कुणी न सांगता माझ्यापुढे बसले. बाबा खुर्चीतून बघत होते. हवा भरून झाल्यावर चिरंजिवांनी मला अंगठ्याने दाबलं, सांध्याने टकटक केलं आणि कान लावला. त्यांना नीट कळलं नसावं.

"किती ठेवू, बाबा?" त्यांनी विचारलं.

"दादा ठेवायचा तेवढी," बाबा म्हणाले.