चव्हाट्यावरचा चेहरा

सासूबाईंच्या फोनमध्ये एक इवलासा व्हिडिओ होता आणि त्यावरच अख्खं घर तग धरून होतं. तो शत्रूच्या टीव्हीवर दाखवलेला. पकडलेले सैनिक भिंतीला लावून उभे केलेले आणि त्यांत कडेला त्यांचा मुलगा, सांगितलं तसं आपल्याच देशाला नावं ठेवणारा. लेक जिवंत आहे हे कळलं ते एवढ्यावरून. सासूबाई तो आवाज बंद करून बघत. ते बोलणं त्याचं नव्हेच, म्हणत. सुनेने एकदाच पाहिला होता. बोलण्याआधी नवऱ्याने ओठ चाटले, तेवढं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

सून वकील. आपलं सरकारही पकडलेल्या परक्या पोरांना असंच टीव्हीवर उभं करत होतं आणि ते थांबवा म्हणून कोर्टात गेली होती तीच. युद्धकैद्यांचा तमाशा करायचा नाही, त्यांना घरी पत्र लिहू द्यायचं, या करारावर आपल्याच सरकारची सही होती. पण तेव्हापासून जिन्यात बायका तिला बघून चपला न्याहाळू लागल्या. खालच्या काकू तेवढ्या बोलत.

"काय वकीलबाई, आज कुणाच्या बाजूने? आपल्या की त्यांच्या?"

निकालाच्या सकाळी ती बाळाला भरवत होती. सासूबाई समोर येऊन बसल्या.

"तू जिंकलीस तर तिकडचेही बंद करतील?"

"सांगता येत नाही, आई. पण आपण बंद केल्याशिवाय त्यांना म्हणणार कोणत्या तोंडाने?"

"आणि केलंच बंद, तर माझ्या लेकाचं तोंड मला दिसायचं कसं?"

"पत्र येईल."

"पत्राला डोळे असतात का गं?"

घास तिच्या हातातच राहिला. शेवटी बाळानेच मान पुढे करून तो घेतला.

कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "तुमचे यजमान तिकडे कैदेत आहेत. या याचिकेने त्यांचा काही फायदा?"

"तोटाच होईल कदाचित," ती म्हणाली आणि खाली बसली. शेजारची खुर्ची रिकामीच होती.

निकाल तिच्या बाजूने लागला. हात मिळवायला कुणी आलं नाही. घरी टीव्हीवर कैद्यांच्या जागी हवामानाचा नकाशा चालू होता.

"जिंकलीस म्हणे," सासूबाई ताट वाढत म्हणाल्या.

"हो."

बाळ रांगत आलं आणि फोनवर थापट्या मारू लागलं. "बाबा. बाबा." बाप त्याला ठाऊक होता तो तिथलाच.

सासूबाईंनी फोन काढून घेतला. "असा नसतो बघायचा बाबा, राजा. आला की बघ." आणि तो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली नेऊन ठेवला.

ती भांडी घासायला उभी राहिली. थोड्या वेळाने आतल्या खोलीत कपाटाचं दार करकरलं. मग काहीच नाही, आवाज तर बंदच असायचा. ताटं केव्हाच धुऊन झाली होती. तिने नळ तसाच चालू ठेवला, आपल्याला काही ऐकू गेलं असं सासूबाईंना वाटू नये म्हणून.